गाडीचे दिवे आणि आमच्या दोन चुका

आज वस्तीतील पुष्कळ तरुण हप्त्याने जुन्या गाड्या घेतात. कुणी भाड्याने चालवतो, कुणी भाजीपाला वाहतो. गाडी दारात आली की पहिला खर्च बहुधा दिव्यांवर होतो. बाजारात मोठे बल्ब, झगझगीत दिवे ढिगाने मिळतात आणि ते बसवण्याची घाई असते. आम्हीही तीच घाई केली होती. त्यात आमच्या हातून दोन चुका झाल्या. पहिली आमच्या अंगावर आली, दुसरी दुसऱ्याच्या अंगावर गेली. वाचकांपैकी कुणाच्या तरी उपयोगी पडावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

२०१२ साली आम्ही भावांनी मिळून एक जुनी जीप घेतली. आमचे गाव मोताळा तालुक्यात. धाकटा भाऊ जीप चालवी आणि आम्ही कचेरीतील कारकुनी सांभाळून हप्त्यांचा हिशेब पाहत असू. दिवसा प्रवासी वाहायचे आणि रात्री-अपरात्री वस्तीतील कुणी आजारी पडले तर राजूर घाट चढून बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात पोचवायचे, असा आमचा शिरस्ता होता. जीपला सात इंची गोल दिवे होते. आधीच्या मालकाने ते बाजारातून आणून बसवलेले. आत नेहमीचे ६०/५५ वॅटचे हॅलोजन बल्ब, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट. उजेड मात्र पिवळा, मळकट. पंचवीस-तीस पावलांपुढचा खड्डा दिसत नसे.

स्पेअर पार्टच्या एका दुकानदाराने सांगितले, "१००/९० चे बल्ब टाका, काही बदलावे लागत नाही." आम्ही टाकले. चार दिवस रस्ता लख्ख दिसला आणि आम्ही खूश झालो.

पाचव्या रात्री वस्तीतील एका सुनेला कळा सुरू झाल्या. तिची सासू, नवरा आणि आम्ही दोघे भाऊ निघालो. घाटाच्या मध्यावर प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. भाऊ काही बोलणार तोच पुढचे दोन्ही दिवे एकदम विझले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोर काळोख. भावाने जागीच ब्रेक दाबला. मागे ती बाई विव्हळत होती आणि आम्ही हातातल्या बॅटरीच्या उजेडात गाडीपुढे चालत रस्ता दाखवू लागलो. सुदैवाने एक ट्रक मागून आला. ड्रायव्हरने काय झाले ते विचारले आणि आपला ट्रक हळूहळू पुढे नेला. त्याच्या मागच्या लाल दिव्यांच्या आधाराने आम्ही घाट चढलो. पहाटे मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. पण त्या रात्री काय होऊ शकले असते, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी मलकापूरच्या एका वयस्क मिस्तरींनी गाडी उघडली. स्टिअरिंगजवळचा दिव्यांचा स्विच आतून वितळला होता. फ्यूजच्या जागी कधीकाळी कुणीतरी तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती, म्हणून फ्यूज उडालाच नव्हता. मिस्तरी म्हणाले, "बलब मोठा आणला अन् तार तीच ठेवली. बारीक नळीतून इंजिनाचं पाणी सोडलं तं नळी फुटन नाही तं काय?"

आम्ही बी.कॉम. झालेले. विजेचे शास्त्र शिकलो नाही, पण हिशेब समजतो. वॅटला व्होल्टने भागले की किती अँपिअर वीज वाहते ते कळते. अप्परच्या ६० वॅटच्या दोन बल्बांना १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात. १०० वॅटच्या दोन बल्बांना १६ ते १७ लागतात. ही सगळी वीज बारीक तारेतून आणि त्या छोट्या स्विचमधून जाते. शिवाय तार तापते ती विजेच्या वर्गाच्या प्रमाणात. वीज पावणेदोन पटीच्या आत वाढली, तरी उष्णता पावणेतीन पटीच्या घरात गेली. स्विच वितळला यात नवल ते काय!

मग मिस्तरींनी नवा स्विच आणि जुने ६०/५५ चे बल्ब लावले, इंजिन चालू ठेवले आणि मीटरने मोजून दाखवले. बॅटरीवर १३.५ व्होल्ट, बल्बाच्या होल्डरवर ११.५. मधले २ व्होल्ट जुन्या तारा, गंजलेले जोड आणि स्विच यांनीच खाल्ले होते. जमा १३.५ आणि हाती ११.५, ही गळती कारकुनाला समजायला वेळ लागत नाही. पण उजेडाचे गणित याहून कडक आहे. हॅलोजन बल्बाला १० टक्के व्होल्ट कमी मिळाले की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. आमचे १५ टक्के गळत होते, म्हणजे उजेड ४० टक्क्यांहून जास्त गेला होता. बल्बाचा दोष नव्हता. आम्ही बल्ब बदलत बसलो आणि रोग तारेत होता.

त्यावर उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेवर चालणारा स्विचच असतो. जुन्या स्विचकडून येणारी तार आता बल्बाला वीज पुरवत नाही, ती फक्त रिलेला चालू-बंद करते. त्या कामाला पाव अँपिअरही लागत नाही. बल्बाची वीज बॅटरीवरून जाड तारेने थेट येते. रिलेच्या पिनांवर आकडे असतात. बॅटरीकडून आलेली तार ३० वर, बल्बाकडे जाणारी ८७ वर, जुन्या स्विचची तार ८६ वर आणि ८५ अर्थिंगला. अप्परला एक आणि डिपरला एक, असे दोन रिले लागतात. मिस्तरींनी २.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली आणि प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा फ्यूज दिला, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज लांब बसवला तर मधली तार घासून बॉडीला टेकल्यावर तिला वाचवणारे कुणी उरत नाही. अर्थिंगची तार रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर आवळली. काही गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो, तेथे जोडणी वेगळी होते. म्हणून जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे आणि काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी.

रिफ्लेक्टर काळवंडले होते, म्हणून दिवेही नवे घेतले. बल्ब मात्र तेच ६०/५५ चे. होल्डरवर १३ च्या वर व्होल्ट मिळू लागले आणि मोठ्या बल्बाशिवाय रस्ता स्वच्छ दिसू लागला.

येथे आम्ही थांबलो आणि दुसरी चूक केली. नवे दिवे बसवले, पण त्यांचा झोत कुठे पडतो हे पाहिलेच नाही.

आठवड्याभराने सकाळी वस्तीतील एक काका हात गळ्यात अडकवून आले. जिनिंगमध्ये रात्रपाळी करून ते सायकलने घरी येत होते. मनगट मोडले होते. आम्ही त्यांना त्याच जीपमध्ये बसवून दवाखान्यात निघालो. वाटेत काका सांगू लागले, "पहाटे समोरून एक गाडी आली. असा उजेड मारला का मले रस्ताच दिसेना. डोये मिटले अन् नालीत गेलो." जागा कोणती, वेळ कोणती, ते भावाने विचारले. मग त्याने गाडी बाजूला घेतली आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, ते आमीच होतो."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तं मंग दिवे खाली कर." प्लॅस्टरचा खर्च आम्ही दिला, पण त्यांची दीड महिन्याची पाळी बुडाली ती बुडालीच.

त्याच संध्याकाळी समाजमंदिराच्या चुन्याच्या भिंतीसमोर १० मीटरवर जीप सपाट जागेत उभी केली. चाकांत हवा नेमकी भरली आणि मागे रोजच्याइतकी माणसे बसवली, कारण मागे वजन आले की तोंड वर होते. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवले. आपण डावीकडून गाड्या चालवतो, म्हणून आपल्याकडच्या डिपरचा झोत डावीकडे थोडा वर चढतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला दिवा बसवला तर तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिवा घेताना हे पाहावे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात की समोर ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिव्याने दिपवता कामा नये. आमच्याकडे तसा माणूस होताच. काका प्लॅस्टरचा हात सांभाळत जीपसमोर उभे राहिले आणि "अजून खाली, अजून" म्हणत राहिले. "आता दिसते" म्हणाले, तेव्हा भावाने स्क्रू सोडला.

ती जीप २०१९ मध्ये विकली. आता पुतण्या दुसरी गाडी चालवतो. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब टाकू का, असे तो परवा विचारत होता. त्या दिव्याचा आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो. प्रकाश दुसरीकडून निघाला की झोत विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आम्ही त्याला सांगितले, आधी मीटर लाव, मग भिंतीसमोर गाडी उभी कर, आणि समोर कुणाला तरी उभे करून विचार. वाचकांनीही येत्या सुट्टीच्या संध्याकाळी एवढे करून पाहावे. अर्धा तास लागतो.