ठाम आणि ताठर

सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत आमचं ओतकामाचं युनिट आहे. तिथं लोखंडाविषयी कुणी सैल बोलत नाही. जॉबला नुसतं 'मजबूत' म्हणून भागत नाही. हार्ड म्हणजे ज्यावर सहजी खळगा पडत नाही ते, टफ म्हणजे घाव पचवूनही जे तुटत नाही ते. एक रॉकवेलवर बघायचं, दुसरं चार्पीच्या लोलकाखाली. एकाच भट्टीतल्या बिडाचा स्वभाव नुसत्या निवण्यानं पालटतो. साच्यात चिल ठेवून झटकन निववलं, तर कार्बन लोखंडाशी बांधला जातो. मोडून बघा, आत पांढरं, कठीण, ठिसूळ. सावकाश निवलं, तर तोच कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांनी वेगळा होतो. बीड करडं दिसतं, हत्याराला कापू देतं. रसात थोडं मॅग्नेशियम पडलं की पापुद्र्यांच्या गोळ्या होतात आणि बीड चिवट होतं.

मार्चमध्ये माणसांच्या कामगिरीचे फॉर्म येतात, इंग्रजीत. 'अ‍ॅटिट्यूड'समोर एकच ओळ. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीत एका ऑपरेटरनं जॉबचा ट्रे अडवून धरला होता. माप तपासायचा गो गेज जात नव्हता. गाडी दारात उभी. "थोडं दाब, जाईल," मी म्हणालो.

"दाबून गेलेला गेज गेला म्हणत नाहीत, साहेब."

त्याचं बरोबर होतं. तरी त्या ओळीत मी 'रिजिड' लिहिलं. पगारवाढ कमी आली, तेव्हा तो केबिनच्या दारात उभा राहिला. "रिजिड म्हंजे काय ओ, साहेब?"

"ताठर."

"चूक कुठाय ते दाखवला असता तर ऐकलो असतो की."

त्या रात्री झोप लागली नाही. ताठर माणूस कारण ऐकून घेत नाही. ठाम माणूस कारण मागतो, पटलं तर हलतो. हट्टी माणसाला एक काहीतरी हवं असतं, ते मिळालं की तो निवतो. म्हणून तर लेकराचा हट्ट आपण कौतुकानं सांगतो. हेकेखोराला मिळूनही समाधान नाही, कारण त्याला वस्तू नको असते, शब्द वर राहायला हवा असतो. आईच्या भाषेत हे सगळं मला न शिकवता कळत होतं. इंग्रजीत हाताला आला तो शब्द मी उचलला. तिथंही रिजिड वेगळा, स्टबर्न वेगळा, फर्म वेगळा. 'फर्म'चं लॅटिन मूळ आणि आपला 'धर्म' हे धरून ठेवण्याच्या एकाच प्राचीन धातूतून आले, असं भाषाभ्यासक मानतात. ट्रे धरून ठेवणाऱ्या त्या हाताला 'फर्म' हाच शब्द शोभला असता.

तो फॉर्म कधीच हेड ऑफिसला गेला. यंदा त्या ओळीत 'फर्म' लिहिलं, आणि खाली जागा नव्हती तरी समासात, आडवं, त्या रात्रीच्या ट्रेची हकिकत मराठीत लिहिली.