चार आकड्यांचं कुलूप

मुलांनो, आज तुम्हाला एक कोडं घालते. असं कोणतं कुलूप आहे, जे वीज असेपर्यंत उघडं असतं आणि वीज गेली रे गेली की आपोआप लागतं? बरं, वीज परत आली तरी ते उघडत नाही. त्याची किल्ली लोखंडाची नाही, पितळेची नाही. ती आहे नुसत्या चार आकड्यांची!

फार डोकं खाजवू नका, सांगते. हे कुलूप मोटारीत असतं. तेही दाराला किंवा डिकीला नाही, तर गाणी वाजवणाऱ्या स्टिरिओला. साधारण १९९० ते २०१० या काळातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये, विशेषतः परदेशी बनावटीच्या, असे कुलूपवाले स्टिरिओ बसवून येत. तुमच्या घरी किंवा शेजारी एखादी जुनी गाडी असेल तर तिच्यातही असेल. गाडीची बॅटरी बदलेपर्यंत त्याचा पत्ताच लागत नाही. आम्हालाही लागला नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. माझ्या भावाने, म्हणजे दादाने, वर्षापूर्वी एक जुनी गाडी विकत घेतली. थंडीच्या दिवसांत ती सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. बॅटरीवाल्याने तपासून सांगितलं, "ताई, हिचं वय झालं." त्याने जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, गाडी एका झटक्यात सुरू! मी खूश होऊन स्टिरिओचं बटण दाबलं. गाणं नाही, रेडिओ नाही. पडद्यावर इंग्रजीत चार अक्षरं, 'कोड'. बस्स.

आणि सीडी आत! या सीडीत आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाचांची गाणी ओळीने भरून घेतली होती. मी ती येता-जाता ऐकायची, कोणत्या कडव्याला कोणत्या रांगेने वळायचं ते पाठ करायला. स्नेहसंमेलन शनिवारी, आणि हा दिवस मंगळवार. सीडी बाहेर काढायचं बटण दाबून पाहिलं, पण कुलूप लागलेला स्टिरिओ तेही ऐकत नाही.

आता तुम्ही विचाराल, गाण्याच्या पेटीला कुलूप हवं कशाला? त्याचं कारण चोर. १९८० आणि १९९० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत गाडीची काच फोडून स्टिरिओ पळवणं हा चोरांचा नेहमीचा धंदा होऊन बसला होता. न्यूयॉर्कमध्ये तर लोक गाडीच्या काचेला 'नो रेडिओ', म्हणजे 'आत रेडिओ नाही', अशी पाटी लावून जात. बाबा रे, उगाच काच फोडायचे कष्ट घेऊ नकोस! मग काही स्टिरिओंचा पुढचा भाग सुटा निघेल असा करू लागले. मालकाने तो काढून खिशात घालायचा. आमचे एक मामा लग्नकार्यातसुद्धा तो जवळ बाळगायचे आणि पंगतीला बसले की पानाशेजारी ठेवायचे. वाढपी विचारायचा, "हे काय, बाजूला घेऊ?" की मामा दचकायचे.

त्याच काळात आकड्यांचं कुलूप आलं. चोराने स्टिरिओ उपटला की त्याच्या तारा तुटतात, वीज बंद होते आणि कुलूप लागतं. चोरबाजारात असा मुका स्टिरिओ घेणार कोण? कल्पना झकास आहे. अडचण एकच. स्टिरिओला चोर दिसत नाही. त्याला एवढंच कळतं, की मघाशी वीज होती आणि मध्येच ती गेली. ती चोराने घालवली की बॅटरीवाल्याने, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं?

पण वीज गेलेली तरी कळते कशी? गाडीची किल्ली फिरवून आपण गाडी बंद करतोच की रोज! यातली गंमत तारांमध्ये आहे. स्टिरिओला विजेच्या दोन तारा येतात. एक, बहुतेक वेळा लाल, किल्लीबरोबर चालू-बंद होते. दुसरी, बहुतेक वेळा पिवळी, थेट बॅटरीकडून येते आणि रात्रंदिवस चालू असते. गाडी बंद असली तरी या पिवळ्या तारेतून अगदी थेंब थेंब म्हणावी इतकी थोडी वीज स्टिरिओला मिळत राहते. तिच्या जिवावर घड्याळ चालतं आणि रेडिओची केंद्रं लक्षात राहतात. बॅटरीच काढली की ही तार मरते.

स्टिरिओच्या पोटात दोन प्रकारची आठवण असते. एक आपल्या वर्गातल्या फळ्यासारखी. वीज गेली की डस्टर फिरतं, सगळं कोरं. दुसरी आपल्या शाळांच्या बोलक्या भिंतींसारखी. भिंतीवर रंगवलेले पाढे दिवे गेले म्हणून पुसतात का? नाही ना! घड्याळ आणि केंद्रं फळ्यावर असतात, पण चार आकड्यांचा कोड असतो भिंतीवर. म्हणून पंधरा वर्षं वीज नसली तरी स्टिरिओ आपला कोड विसरत नाही. उलट फळा कोरा दिसला की त्याला संशय येतो, आणि तो विचारतो, "आकडा सांग."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सगळं सांगितलं. सीडी अडकल्याचं ऐकून आधी सगळे गप्प झाले. मग एक जण उठला. "बाई, आपण सगळे आकडे घालून बघू की!"

"किती आकडे होतील?"

"नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "चार शून्यं पण धर की रे." बरोबर! ०००० ते ९९९९, म्हणजे दहा हजार. मग वर्गात चांगलंच भांडण जुंपलं. मीच त्यांना शिकवलं होतं, की संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नसते. ७ आणि ०००७ सारखेच. मग इथे त्याला किंमत कशी काय? मुलांनो, हा प्रश्न मला इतका आवडला, की भाषेचा तास मी गणिताला देऊन टाकला. कोड ही संख्या नाही, ती चार खणांची पेटी आहे, आणि रिकाम्या खणातसुद्धा शून्य मांडावंच लागतं. (काही स्टिरिओंना १ ते ६ एवढीच बटणं असतात. तिथे चार आकड्यांचे कोड किती होतील? ६ × ६ × ६ × ६, म्हणजे १,२९६.)

एका आकड्याला दहा सेकंद धरले, तर दहा हजारांना एक लाख सेकंद, म्हणजे २७ तास ४६ मिनिटं ४० सेकंद. "बाई, पाळीपाळीने बसलो तर शुक्रवारी होतंय!" वर्ग आनंदला.

पण कुलूप करणारे काही खुळे नव्हते. दोन-चार वेळा चुकलात की स्टिरिओ रुसून बसतो. किती चुका चालतील आणि रुसवा किती वेळचा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. आमच्या स्टिरिओला दोन चुका चालतात, मग तो तासभर काही ऐकून घेत नाही. तोही तास स्टिरिओ चालू ठेवूनच भरावा लागतो. तासाला दोन, तर दहा हजारांना ५,००० तास. मुलांनी भागाकार केला. २०८ दिवस आणि ८ तास. फळ्याकडे बघत एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तोवर नवी बॅटरीपण उतरंल."

ए.टी.एम.चं कार्ड, आईबाबांचा मोबाइल, तिथेही हीच युक्ती असते. कुलूप भक्कम नसतं, ते वेळ खाणारं असतं.

मग कोड शोधायचा कुठे? गाडी नवी असताना माहितीपुस्तकाबरोबर एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर तो छापलेला असतो. आमच्या माहितीपुस्तकात कार्ड नव्हतं. दुसरा मार्ग अधिकृत सेवा केंद्राचा. प्रत्येक स्टिरिओला एक अनुक्रमांक असतो. तो बहुधा डब्यावरच्या चिकटपट्टीवर असतो, म्हणजे स्टिरिओ बाहेर ओढावा लागतो. काही गाड्यांत १ आणि ६ ही बटणं एकदम दाबून धरून स्टिरिओ चालू केला की क्रमांक पडद्यावर दिसतो. हा क्रमांक, गाडीचं आर.सी. आणि मालकाचं ओळखपत्र दाखवलं की केंद्रातले लोक कंपनीकडून कोड मागवून देतात. कागद दाखवा म्हटल्यावर दादा वैतागला. मला मात्र ते योग्य वाटलं. मागेल त्याला कोड मिळायला लागला तर कुलूप हवंच कशाला? फक्त त्यांना चार-पाच दिवस हवे होते, आणि ते आमच्याकडे नव्हते. एका दुकानदाराने तर सांगितलं, "फेकून द्या हो तो, नवा बसवा." वाजतोय, चालतोय असा स्टिरिओ नुसता मुका झाला म्हणून फेकायचा? मला नाही पटलं.

म्हणून मी गाडीच्या आधीच्या मालकांच्या घरी, सांगलीला, फोन लावला. काका आदल्या वर्षी वारले होते, म्हणूनच तर गाडी विकली होती. फोनवर काकू होत्या. मी सगळी हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, "ह्यांची सवय होती, कागद कधी टाकायचे नाहीत. थांब, कपाटात बघते." बऱ्याच वेळाने परत आल्या. गाडी विकताना सगळी कागदपत्रं दिली गेली होती, पण ते कार्ड काकांनी गाडीत न ठेवता घरी ठेवलं होतं आणि ते कुकरच्या गॅरंटी कार्डाला चिकटून मागे राहिलं होतं!

"सापडलं का काकू? सांगता?"

"सांगते गं. पण तू तीच बाई कशावरून? आजकाल फोनवर कुणीही काहीही विचारतं. ह्यांची गाडी कुणी चोरली असली तर?"

मला हसू आलं आणि काकूंचं कौतुकही वाटलं. त्यांनी विचारलं, "गाडीला चरा कुठे आहे?"

"मागच्या डाव्या दाराला, मूठभर लांब."

"हं. आणि बॅटरी काढायच्या आधी रेडिओचं पहिलं बटण दाबलं, की काय लागायचं?"

"आकाशवाणी सांगली."

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग काकू म्हणाल्या, "सकाळच्या बातम्या ऐकल्याशिवाय गाडी हलायची नाही ह्यांची. घे, लिहून घे."

आकडा मी तुम्हाला सांगणार नाही, हे उघडच आहे! संध्याकाळी दादाने कार्ड वाचायचं आणि मी बटणं दाबायची, असं ठरलं. आमच्या स्टिरिओच्या पडद्यावर आधी १००० असं दिसतं. पहिलं बटण दाबू तसा पहिला आकडा एकेकाने वाढतो, दुसऱ्या बटणाने दुसरा. चारही जुळले की आणखी एक बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. घाई केली असती तर एक संधी वाया, म्हणून दादाला चारही आकडे पुन्हा मोठ्याने वाचायला लावले. मग बटण दाबलं. 'कोड' गेला, घड्याळ आलं, १२ वाजून शून्य मिनिटं. सीडी निघाली बाहेर!

तुमच्या घरच्या गाडीची बॅटरी बदलायची असेल, तर आधी मोठ्या माणसांना विचारा, "स्टिरिओचा कोड आहे का हाताशी?" काही मेकॅनिक जुनी बॅटरी काढताना दुसरी छोटी बॅटरी जोडून ठेवतात, म्हणजे पिवळी तार मरत नाही आणि प्रश्नच येत नाही. बॅटरीला हात मात्र तुम्ही लावू नका. तिच्यात गंधकाम्ल असतं. मेकॅनिक नेहमी ऋण टोकाची, म्हणजे वजा खुणेची, तार आधी काढतो आणि शेवटी जोडतो, हे लांबून जरूर बघा. गाडीचा सगळा पत्रा त्या ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी उडते. ऋण तार आधी सुटलेली असली की ती भीती राहत नाही. आताच्या बऱ्याच गाड्यांत कोड घालावाच लागत नाही. स्टिरिओ आपल्या गाडीच्या संगणकाला ओळखतो आणि परक्या गाडीत बसवला तरच गप्प होतो.

आमच्या स्टिरिओचा फळा मात्र पुसला गेला होता, एकही केंद्र राहिलं नव्हतं. मी ती एकेक शोधून पुन्हा लावली. पहिल्या बटणावर आकाशवाणी सांगली. काकूंनी ते कार्ड पोस्टाने पाठवून दिलं. ते गाडीत नाही, घरीच ठेवलंय.

शनिवारी नाच छान झाले. सोमवारी वर्गात शिरते तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, कोड पाच आकडी असता, तर किती दिवस लागले असते?" तासाला दोनच आकडे, हे विसरू नका. करा पाहू भागाकार.