म्हाताऱ्या संगणकाची तपासणी

या ब्लॉगवर मी एरवी बीपी, शुगर, थायरॉईड यांविषयी लिहितो. आज माझ्या घरच्या संगणकाच्या आजारपणाविषयी लिहितोय. त्याच्या निदानाला जे टप्पे लागले, तेच आम्ही रोज ओपीडीत वापरतो. शिवाय त्या यंत्रात माझ्या रुग्णांची माहिती अडकली होती.

आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने गावाकडे येणं नसतं. माझ्याकडे नियमित येणाऱ्यांना मी निघण्यापूर्वी एक छापील कागद देतो. त्यावर आजार, औषधाचं मूळ नाव, डोस, शेवटचं बीपी आणि शुगर, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते असतं. फडावर चक्कर येऊन पडलं, तर तिथल्या अनोळखी डॉक्टरला तो एक कागद पुरतो.

यंदा नेमका जुना प्रिंटर बंद पडला. नवा आणला, तर त्याचं सॉफ्टवेअर संगणकात बसेना. टोळ्यांच्या गाड्या भरायला आठ दिवस उरले होते. पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, ते डबडं भंगारात घाला अन् नवीन घ्या." मी म्हटलं, "अरे, पेशंट म्हातारा आहे म्हणून तपासायचंच नाही का?"

नव्या संगणकाने सगळं सुटलंही नसतं. माझ्या जुन्या नोंदी जुन्या मराठी फाँटमधल्या आहेत. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की 'पेनिसिलीनची ॲलर्जी' ऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठेही वाचता येतं.

१. तक्रार शब्दशः ऐका

"डॉक्टर, कसंतरीच होतंय" यावरून निदान होत नाही. कुठे, कधीपासून, कशाने वाढतं, हे विचारावं लागतं. संगणकही बंद पडताना काहीतरी लिहून दाखवतो. तो संदेश न वाचता 'ओके' दाबू नका, मोबाईलवर फोटो काढा. माझ्या पडद्यावर होतं की वेबसाईटशी जोडणी सुरक्षित नाही. म्हणजे प्रिंटरकडे जाण्याआधीच गाडी अडली होती.

२. आधी नाडी, मग एमआरआय

कोपऱ्यातली तारीख पाहिली, तर १ जानेवारी २००९! मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. आपण रात्री बोर्डावरचं बटण बंद करतो, त्यात लोडशेडिंग, त्यामुळे सेलला काम पडतंच. सेल संपला की तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित वेबसाईटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. २००९ मध्ये वावरणाऱ्या संगणकाला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं वाटतं, म्हणून तो नकार देतो. तारीख हाताने दुरुस्त केली आणि पान उघडलं. नवा सेल शंभर रुपयांच्या आत मिळाला.

३. औषध चांगलं, पण या रुग्णाला चालेल का?

पानावर सगळ्यात वर दिसणारी फाईल उतरवली, तर संदेश आला की ही या विंडोजला जुळत नाही. माझ्याकडे विंडोज सेव्हन आहे, तेही ३२ बिटचं. फाईल ६४ बिटची होती. 'कॉम्प्युटर'वर राईट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेलं की 'सिस्टीम टाईप'समोर हे लिहिलेलं असतं.

यात फाईलचा दोष नाही आणि संगणकाचाही नाही. मेटफॉर्मिन मधुमेहावर उत्तम औषध आहे, पण किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ३० च्या खाली गेली की आम्ही ते देत नाही. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला चालेलच असं नाही, ते यामुळेच. त्याच पानावर खाली विंडोज सेव्हनसाठीची जुनी ३२ बिट फाईल होती. ती घेतली.

४. एकापेक्षा जास्त आजार असू शकतात

ती फाईल निम्म्यात थांबली. सी ड्राईव्ह गच्च भरला होता. सॉफ्टवेअर बसताना आधी तात्पुरत्या फाईल उलगडतं, त्याला मोकळी जागा लागते. 'डिस्क क्लीनअप' चालवून जागा केली आणि प्रिंटर बोलू लागला. वयस्कर रुग्णाला दम लागतो तेव्हा रक्त कमी असतं आणि हृदयही थकलेलं असतं. एक कारण सापडलं म्हणून शोध थांबवायचा नसतो. मात्र एका वेळी एकच बदल करा. चार गोळ्या एकदम बदलल्या तर गुण कशाने आला आणि पुरळ कशाने उठलं, हे कळत नाही.

५. बरा झाला तरी पथ्य आहे

विंडोज सेव्हनचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. अपडेट म्हणजे संगणकाची लस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातल्या संगणकांवरच्या फाईल कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. त्यावरचा अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आला होता; ज्यांनी तो घेतला नव्हता ते सापडले.

म्हणून नोंदींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ड्राईव्हवर काढल्या आणि म्हाताऱ्याची इंटरनेटची वायर काढून टाकली. आता तो फक्त छापतो. जुन्या नोंदी रोज थोड्या थोड्या युनिकोडमध्ये आणतोय.

टोळ्या निघण्याआधी सगळे कागद हातात पडले. पण खरं सांगू? तुमची माहिती माझ्या संगणकावर अवलंबून असू नये. यंत्र बंद पडतं, डॉक्टर गावाला जातो. तेव्हा आजच एवढं करा:

- चालू गोळ्यांच्या पाकिटांचा, नाव दिसेल असा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवा.
- ॲलर्जी असलेल्या औषधाचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा.
- बाहेरगावी जाताना बीपी-शुगरच्या गोळ्या पुरतील एवढ्या घ्या. संपल्या तर जवळच्या सरकारी दवाखान्यात हा कागद दाखवा. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका.

शंका असेल तर जुनी फाईल घेऊन या. फाटकी असली तरी चालेल.