सुट्टी अंगी लागते ती कशी?



एरवी आपण इथे मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांविषयी बोलतो. आज थोडं घरचं सांगतो. औषधाचा भाग त्यातही आहेच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही शहरातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून करमाडला बैठ्या घरात राहायला आलो. छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालं की चिकलठाणा, मग शेंद्रा एमआयडीसी आणि पुढे करमाड. कारण एकच : आई. तिचं वय ८१, दोन्ही गुडघे झिजलेले, आणि जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या वर्षभरात ती मोजून चार वेळा खाली उतरली होती. माणूस घरात कोंडला गेला की मांड्यांचे स्नायू झपाट्याने कमी होतात. स्नायू कमी झाले की तोल जातो, आणि तोल गेला की खुब्याचं हाड मोडतं. ही साखळी मी रोज दवाखान्यात बघतो. म्हणून घर बदललं आणि त्यासाठी सात दिवस दवाखाना बंद ठेवला. ना लग्न, ना कॉन्फरन्स, ना देवदर्शन. फक्त घर लावायचं आणि आराम करायचा.

आनंदाचा ताणही ताणच

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यात ताण आणणाऱ्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण. घर बदलणं २०, झोपेच्या सवयीत बदल १६, खाण्याच्या सवयीत बदल १५. आणि गंमत म्हणजे त्याच यादीत सुट्टीलाही १३ गुण आहेत!

सुट्टीचा कसला ताण, असं तुम्ही विचाराल. शरीराला चांगला बदल आणि वाईट बदल असा भेद नीट कळत नाही. रोजची घडी मोडली की ती पुन्हा बसवावी लागते. त्यासाठी कॉर्टिसोल, ॲड्रेनॅलिन ही संप्रेरकं कामाला लागतात. म्हणून नव्या घरी आल्यावर पहिले दोन दिवस चिडचिड झाली, भूक मंदावली, पोट बिघडलं, तर "घर लाभलं नाही" असं लगेच ठरवू नका. शरीर हिशोब जुळवत असतं.

पहिल्या रात्री झोप का लागत नाही?

गादी तीच, उशी तीच, तरी पहिल्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो. याचंही उत्तर सापडलेलं आहे. ब्राऊन विद्यापीठातल्या युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा जास्त सावध राहतो, असं त्यात दिसलं. बारीकसा वेगळा आवाज झाला तरी तो दचकतो. त्याच जागी पुढच्या खेपेला झोपल्यावर हा फरक उरत नाही. थोडक्यात, आपल्या मेंदूचा एक भाग रात्रपाळीच्या वॉचमनसारखा बसून असतो. म्हणून नव्या जागी एक-दोन रात्री झोप उडाली तर झोपेची गोळी घेऊ नका. वॉचमनला जागेची ओळख होऊ द्या.

करमाडचं रेल्वे स्टेशन आमच्या घरापासून लांब नाही. मालगाडी गेली की खिडकीची काच थरथरते. त्या आवाजाने मला ८ मे २०२० आठवलं. लॉकडाऊनच्या काळात जालन्याच्या स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडे निघाले होते. तिथून गावी जायला गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने रात्रभर चालत होते. करमाडजवळ सटाणा शिवारात थकून ते रुळांवरच बसले आणि त्यांना झोप लागली. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. १६ जण गेले.

तेव्हा अनेकांनी विचारलं होतं, "रुळावर कुणी झोपतं का?" डॉक्टर म्हणून माझं उत्तर असं. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोपेचा दाब वाढतो. वर तासन्‌तास चालण्याचा शीण. शिवाय पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि सावधपणाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की झोपायचं की नाही हे माणसाच्या हातात राहत नाही. झोप त्याला पाडते.

हे सुट्टीच्या लेखात का सांगतो? कारण विश्रांती ही चैन आहे असा आपला पक्का समज आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्रित अहवाल दिला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. माझ्याकडे शेंद्र्याच्या कंपन्यांतले तीन पाळ्यांत काम करणारे रुग्ण येतात. पित्त, वाढलेलं बीपी, न लागणारी झोप ही त्यांची नेहमीची तक्रार. त्यांच्यासाठी आठवड्याची एक सुट्टी हीसुद्धा औषधाची मात्रा आहे. त्या दिवशी डबल ड्यूटी घेतली की मात्रा चुकली.

आई आणि रात्रीचे दोन

आता आठवड्यातला सगळ्यात काळजीचा भाग. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आवाज आला म्हणून उठलो. आई अंधारात भिंत चाचपडत उभी होती. जुन्या घरात तिच्या पलंगावरून उठलं की डाव्या हाताला संडास होता. इथे तो उजवीकडे आहे. ती डावीकडे गेली आणि तिला भिंत लागली. "अरे, दार कुणी नेलं?" ती म्हणाली. आवाजात भीती होती. ३४ वर्षं ती त्या घरात राहिली होती. दिवसा तिला नवं घर नीट कळत होतं. रात्री अर्धवट झोपेत पायांना मात्र जुनंच घर माहीत होतं.

रोजच्या सवयीच्या हालचाली मेंदूच्या खोल भागात साठवलेल्या असतात. त्या विचार न करता घडतात. वयानुसार नवीन जागेचा नकाशा तयार करणारा भाग, म्हणजे हिप्पोकॅम्पस, मंदावतो, पण जुनी सवय शाबूत राहते. त्यामुळे घर बदलल्यावर पहिले काही आठवडे म्हाताऱ्या माणसाच्या पडण्याचा धोका वाढतो.

सकाळी घर लावायचं बाकीचं काम बाजूला ठेवलं आणि आधी आईची खोली लावली. पलंग फिरवला, म्हणजे उठल्यावर संडास पुन्हा डाव्या हाताला आला. नवा पलंग आणायचा बेत पत्नीने रद्द केला; आईची जुनी खाट, जुनी गोधडी, उशाशी तोच तांब्या. वाटेवर पायाच्या उंचीला रात्रभर मंद जळणारा दिवा लावला. संडासाच्या दाराला लाल पट्टी, आत धरायला दांडा. पायपुसणी उचलून टाकली, कारण त्यात पाय अडकतो. मग दिवसातून चार-पाच वेळा आईला त्या वाटेने सोबत चालवलं, दोनदा दिवे मालवून. "मला काय शाळेत घातलंय का?" असं ती पुटपुटली, पण चालली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. नव्या जागी थोडं गोंधळणं वेगळं आणि अचानक भ्रम होणं वेगळं. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलायला लागलं, दिवसभर गुंगीत राहिलं, माणसं ओळखेना, तर "घर बदललं म्हणून" असं म्हणून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, साखर कमी होणं, औषधांची अदलाबदल, डोक्याला मार ही कारणं असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सुट्टी लागली की आजारी का पडतो?

तिसऱ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं. रुग्णही नेहमी सांगतात, "सर, वर्षभर ठणठणीत, दिवाळीची सुट्टी लागली की आडवा!" नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ आड फिंगरहूट्स यांनी या त्रासाला 'फुरसतीचा आजार' अशा अर्थाचं नाव दिलं. कारण पूर्ण उलगडलेलं नाही. काही कारणं मात्र साधी आहेत. रोज सहाला होणारा चहा नऊला झाला की कॅफिनअभावी डोकं दुखतं. उशिरापर्यंत झोपलं की मायग्रेन उठतो. म्हणून सुट्टीतही उठण्याची आणि पहिल्या चहाची वेळ फार हलवू नका.

"डॉक्टर साहेब, जरा बीपी बघता का?"

गावात डॉक्टर राहायला आलाय ही बातमी ट्रकमधलं सामान उतरायच्या आत पसरली. शेजारचे काका मोसंबीची पिशवी घेऊन आले आणि ओट्यावर टेकताच बाही वर केली. मी त्यांना पाच मिनिटं टेकून बसवलं, चहा बाजूला ठेवायला लावला, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा बीपी मोजलं. ठीक होतं. मग हात जोडून म्हटलं, "काका, तातडीचं असेल तर रात्री बारालाही दार वाजवा. बाकी सोमवारी दवाखान्यात." काका हसून म्हणाले, "बरोबर आहे, बैलालाही पोळ्याला सुट्टी असते."

कामापासून मन सुटणं हाच विश्रांतीचा गाभा आहे. शरीर घरात आणि मन फोनवर असेल तर सुट्टी अंगी लागत नाही. मी रुग्णांचे फोन एका डॉक्टर मित्राकडे वळवले होते. माझं स्वतःचं बीपी आठवड्याच्या सुरुवातीला १३८/८८ होतं, सहाव्या दिवशी १२६/८०. मात्र सुट्टीत बीपी कमी आलं म्हणून कुणीही आपली गोळी परस्पर बंद करायची नाही.

नव्या घरात जाताना एवढं करा

१. पाण्याची टाकी आधी घासून घ्या, झाकण घट्ट बसवा. आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

२. ताज्या रंगाचा वास असेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा. दम्याच्या रुग्णाने त्या खोलीत झोपू नये.

३. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

४. खोकी उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाका, ओझं छातीशी धरा.

५. रोजची औषधं, चिठ्ठ्या आणि रिपोर्ट सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

६. म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची खोली सगळ्यात आधी लावा. दिवाणखाना थांबू शकतो.

सहाव्या रात्री आई उठली, दिव्याच्या उजेडात गेली आणि परत येऊन झोपली. आम्हाला सकाळी तिनेच सांगितलं तेव्हा कळलं. आता ती रोज उन्हात अंगणात फेऱ्या मारते, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ.

सुट्टीचा फायदा साठवून ठेवता येत नाही. कामावर परतल्यावर काही आठवड्यांत तो ओसरतो, असं अभ्यास सांगतात. म्हणून वर्षातून एकदा मोठी सुट्टी घेऊन बाकी वर्ष स्वतःला जुंपून ठेवण्यापेक्षा दर आठवड्याला एक दिवस, दर दिवशी एक तास आणि दर रात्री पुरती झोप, हे सूत्र धरा. ते कुठल्याही घरात चालतं.

काळजी घ्या.