पार्थपूरचे सूर्यपंडित

परभणीहून मानवत रोड, तिथून पाथरी. कापसाचे दिवस होते. भरलेल्या गाड्यांतून निसटलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना लोंबत होता. स्टँडबाहेर येताच रिक्षावाल्याने विचारलं, "साई मंदिर ना?"

त्याचं बरोबरच होतं. साईबाबांच्या जन्मस्थळाच्या वादातून जानेवारी 2020 मध्ये शिर्डीकरांनी बंद पाळला, तेव्हापासून पाथरी सगळ्यांच्या तोंडी आहे. मी मात्र आलो होतो दुसऱ्याच पाथरीकराच्या ओढीने.

संस्कृत ग्रंथांतलं पार्थपूर ते हेच. इथल्या ज्ञानराजांनी 1503 च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' रचला. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'नंतर साडेतीनशे वर्षांनी खगोलाचा एवढा सर्वांगीण ग्रंथ झाला. त्यांचे चिरंजीव सूर्यदास, म्हणजेच सूर्यपंडित. त्यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 1538 मध्ये 'सूर्यप्रकाश' आणि लीलावतीवर 1541 मध्ये 'गणितामृतकूपिका' या टीका लिहिल्या. युरोपात तेव्हा प्रबोधनाचा बहर होता. कोपर्निकसचा ग्रंथ 1543 मध्ये न्यूरेंबर्गला छापला गेला, कार्डानोचं बीजगणितही दोन वर्षांनी तिथेच.

न्यूरेंबर्गला छापखाना होता, पार्थपूरच्या वेशीवर फौजा होत्या. फरिश्ता हा बखरकार सांगतो, की निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. पूर्वजांचं गाव हवं म्हणून बुऱ्हाण निजामशहाने 1518 मध्ये ते वऱ्हाडच्या इमादशहाकडून हिसकावलं. सूर्यदास तेव्हा दहा-अकरा वर्षांचे असतील. धामधुमीतही घरातलं गणित थांबलं नाही.

आणि हे गणिती कवीही होते! त्यांच्या 'रामकृष्णविलोमकाव्या'चा श्लोक सरळ वाचला तर रामकथा; तीच अक्षरं शेवटाकडून उलटी वाचली तर कृष्णकथा. ओळ लिहिताना प्रत्येक अक्षराला दोन्ही वाटांनी अर्थ द्यायचा, छंदही सांभाळायचा. समीकरणं सोडवणाऱ्यालाच असा खेळ सुचावा.

जुन्या गल्ल्यांतून हिंडताना भेटेल त्याला सूर्यपंडितांबद्दल विचारलं. ज्यांना विचारलं त्यांनी हे नाव ऐकलेलं नव्हतं. साईबाबांच्या जन्मगावाबद्दल दोन तट आहेत. सूर्यपंडितांबाबत तो प्रश्नच नाही, आपल्या पार्थपूरचं वर्णन ते स्वतःच लिहून गेलेत. पाथरीकरांनी एवढं करावं: गावातल्या एखाद्या शाळेच्या गणिताच्या वर्गाला त्यांचं नाव द्यावं आणि तिथल्या मुलांना त्यांचा एक श्लोक तरी दोन्ही बाजूंनी वाचायला शिकवावं.