शिशाचा साप

कर्जतच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली आम्ही भावंडं. काही झिजलेलं दिसलं की अजून तोंडात 'वेअर' हाच शब्द येतो. पाटा गुळगुळीत झाला, टाकीवाल्याला हाक मारायची, म्हणजे पाट्याला वेअर आलाय. चपलेची टाच एकाच अंगाने गेली, तर तो 'लॅटरल वेअर'.

शब्द अर्थात बाबांचे. १९८०च्या दशकात ते पीडब्ल्यूआय, म्हणजे रेल्वेमार्गाच्या देखभालीचे निरीक्षक, होते आणि भोर घाटातली वळणं त्यांच्या हद्दीत होती. १८६३ साली सुरू झालेला तो घाट, ३७ फुटांना १ फूट चढणारा. वळणावर चाकाची कड बाहेरच्या रुळाला आतून घासते, म्हणून त्या रुळाच्या कुशीला ग्रॅफाइट ग्रीस फासत. ते ग्रीस बाबांच्या पँटवर घरी येई. आई पँट आधी रॉकेलमध्ये बुडवी, मग पुढचं बोलणं.

रुळाचं माप मात्र आमच्या देवघरासमोरच्या फरशीवर व्हायचं. शिशाची ३ मिलिमीटर जाडीची पट्टी रुळाच्या डोक्यावर दाबून बसवायची, तोच आकार धरून ती अलगद काढायची आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणायची. (शिसं विषारी, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं!) बाबा ती कागदावर ठेवून पेन्सिल फिरवत, मग नव्या रुळाची आकृती त्यावर जुळवत. माथ्यापासून १३ ते १५ मिलिमीटर खाली दोन रेघांत किती फट पडते, ते ताई पट्टीने मोजायची. फट ८ मिलिमीटरच्या आसपास आली की बाबा गप्प होत, म्हणजे रूळ बदलायची वेळ आलेली. कधी आतला रूळ बाहेर, बाहेरचा आत अशी अदलाबदल करून आणखी काही दिवस निघत. आई आमच्या शर्टाची विरलेली कॉलर उलटवून शिवायची, तसंच ते.

एकदा धाकट्याने एका पट्टीचा साप केला. फणा वगैरे सगळं. बाबा ओरडले नाहीत, दुसऱ्या दिवशी ट्रॉली काढून परत त्याच वळणावर गेले. धाकटा आठवडाभर त्यांच्यासमोर आला नाही.

परवा ताईच्या मुलाने लॅपटॉप उघडला. "मामा, हे बघ." त्याच्या प्रकल्पात रुळावर लेझरची लाल रेघ आडवी पडते, तिरका बसवलेला कॅमेरा ती टिपतो. प्रोग्रॅम त्या जाड रेघेचा नेमका मध्य शोधतो, पिक्सेलचे मिलिमीटर करतो आणि नव्या रुळाच्या आकृतीवर बसवतो. जुळवायचं कुठे? डोक्याखालच्या उभ्या भागावर, कारण तिथे चाक लागत नाही आणि झीज होत नाही. तिथून वर जो फरक उरेल, तो वेअर. म्हणजे आमची फरशीच, फक्त पेन्सिल नाही.

उन्हात रेघ पुसट होते, त्यावर त्याने लाल प्रकाशच आत सोडणारी काच लावली आहे. पण एका फोटोत रुळाच्या कुशीला भलताच फुगवटा दिसत होता. झिजायच्या जागी रूळ वाढलेला! कोडमध्ये चूक असेल म्हणून दोन रात्री तो जागला होता.

ताईने चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेली.

"अरे, ग्रीस आहे ते. बाबा आधी चिंधीने रूळ पुसायचे."