सायीचे बोट

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात तेलाच्या वाटीचा प्रवास ठरलेला असतो. पहिला मान घरातल्या पुरुषांचा, मग मुलांचा, आणि जावई आलेला असला तर त्याचा मान सर्वांच्या आधीचा. वाटी फिरत फिरत स्वयंपाकघरात परत येते, तेव्हा तिच्या तळाशी नुसता ओशटपणा उरलेला असतो. तेवढ्यात बोट फिरवून घरातल्या बायका आपले अभ्यंग उरकतात. ते बोटही केसांना लागते. तोंड तसेच राहते. पन्नासांहून अधिक दिवाळ्या मी हे पाहत आले आहे, आणि दर वर्षी वाटी परत आली की मला माझ्या सासूबाईंचा चेहरा आठवतो.

मी मूळची राजापूरकडची. आमच्या हवेतच इतका ओलावा, की मीठ बरणीत पाझरते आणि वाळत घातलेले लुगडे दुसऱ्या दिवशीही दमट लागते. तोंडाला काही लावावे लागते, हे मला ठाऊकच नव्हते. कोकमतेलाचा अंड्याएवढा पांढरट गोळा फळीवर असायचा, पण तो टाचांच्या भेगांसाठी. १९७२ साली लग्न होऊन मी निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका खेड्यात आले. ते दुष्काळाचे वर्ष. पाऊस नव्हता, थंडीने मात्र आपला नेम चुकवला नाही. निफाडची थंडी आता वर्तमानपत्रांतून सर्वांना माहीत झाली आहे. पारा कुठवर उतरला याचे आकडे छापून येतात. त्या थंडीचा कोरडेपणा मात्र कुणी छापत नाही. पंधरा दिवसांत माझ्या गालांवर बारीक भेगा पडल्या. ओठ हसले की रक्त येई. नव्या सुनेला हसायचे प्रसंग फारसे येत नसत, म्हणून बरे!

रुखवतात आलेली स्नोची बाटली मी लपूनछपून काढली. पण स्नो हा पावडर नीट बसावी म्हणून केलेला हलका पदार्थ. बोटावर घेतला की विरतो, गालावर लावला की दिसेनासा होतो. त्या वाऱ्याला अडवील इतकी स्निग्धता त्याच्यात कुठली असणार? शेवटी मी पदर पुढे ओढून वावरू लागले. एके संध्याकाळी सासूबाई दुधाच्या पातेल्याशी बसल्या होत्या. त्यांनी बोटावर थोडी साय घेतली आणि ते बोट माझ्यापुढे धरले.

"कोकणातलं कातडं हे. इथल्या वाऱ्यात असं उघडं टाकू नये. लाव."

त्यांनी ती माझ्या तोंडाला लावली नाही. नुसते बोट पुढे धरले. मी ती आपल्या बोटावर घेतली. सासूने सुनेच्या गालावरून हात फिरवावा, असे ते दिवस नव्हते आणि आमचे घरही तसे नव्हते. पण तेव्हापासून दर हिवाळ्यात, विरजण लावण्यापूर्वी, सायीची दोन बोटे निघू लागली. एक माझे, एक त्यांचे.

१९८४ साली मामंजी गेले. कुंकू गेले, हिरव्या बांगड्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर सासूबाईंच्या वाटणीची सायही गेली. ती सोडा असे कुणी सांगितले नव्हते. तोंडाला काही लावणे म्हणजे शृंगार, आणि शृंगार आता आपल्याला नाही, असा हिशेब त्यांनी मनाशीच केला होता. गंमत अशी, की माझ्यापुढे येणारे बोट मात्र थांबले नाही. रोज संध्याकाळी ते येई आणि रोज मी साय घेई. "आई, तुमची?" एवढे दोन शब्द मला बारा हिवाळे विचारता आले नाहीत. हे लिहिताना आज लाज वाटते.

वय वाढले की त्वचेतल्या तैलग्रंथी मंदावतात. साठी ओलांडल्यावर सासूबाईंचे गाल चैत्रातल्या काळ्या रानासारखे तडकू लागले. रात्री खाजेने त्यांना झोप लागत नसे. अंधारात नखांचा आवाज ऐकू येई आणि मी कूस बदलत असे.

१९९६च्या दिवाळीआधी मी मुंबईला गेले होते. तिथल्या एका मोठ्या दुकानातून मी क्रीमची महागडी डबी आणली. निवड कशावरून केली म्हणाल, तर किमतीवरून आणि वासावरून! डबी उघडली की गुलाबाची बाग उघडल्यासारखे वाटे. "औषध आहे," असे खोटेच सांगून मी ती त्यांना लावायला लावली. सकाळी पाहते तो तोंड लालबुंद, पापण्या सुजलेल्या. त्या रागावल्या नाहीत. आरसा पालथा घालून म्हणाल्या, "बघ, देवानंच नको म्हटलंय."

माझ्या अडाणीपणाला देवाची साक्ष मिळाली, याचे मला फार वाईट वाटले. सुजेपेक्षाही त्या वाक्याला उतार पडायला हवा होता. मी त्यांना नाशिकला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी विचारले, "आजी, तोंड कशानं धुता?" उत्तर आले, दिवसातून तीनदा, अंगाच्या साबणाने, कढत पाण्याने. मग त्यांनी कागदावर एक भिंत काढली. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा. त्या विटांना धरून ठेवणारा चुना म्हणजे त्यांच्यामधली चरबी. चुना शाबूत असला, की आतले पाणी आत राहते. कढत पाणी आणि साबण हा चुना धुऊन नेतात, कोरडा वारा भेगांतून पाणी ओढून घेतो, आणि बाहेरचा त्रास आत शिरतो. त्वचा किंचित आम्ल असते, साबण अल्कधर्मी. त्यांचे फार वेळ जमत नाही. माझ्या डबीतला गुलाबही अशा फुटक्या भिंतीतून आत शिरला होता. क्रीमपासून अंगावर उठते, त्याच्या नेहमीच्या कारणांत सुगंध असतो, हे मला त्या दिवशी कळले.

त्यांनी सूज उतरवायला चार दिवसांचे औषध दिले, आणि पुढे लावायला एक बिनवासाचे साधे क्रीम. सासूबाई परतीच्या एस.टी.त गप्प होत्या. घरी आल्यावर ओसरीवर बसून म्हणाल्या, "म्हणजे सारवण्यासारखंच की हे. घरातलं माणूस गेलं म्हणून कुणी सारवायचं सोडतं का?"

त्या संध्याकाळपासून त्यांचे "गाल सारवणे" सुरू झाले. महिन्याभरात भेगा मिटल्या, आणि रात्रीचा तो नखांचा आवाज थांबला.

तेव्हापासून मी या विषयातली घरगुती पंडिता झाले आहे! माझ्या नातीच्या फळीवर आज डझनभर बाटल्या आहेत आणि त्यांच्यावर मोठमोठी नावे आहेत. त्यांच्या गर्दीत मला तीनच कामे दिसतात. ग्लिसरीन, युरिया किंवा ती म्हणते ते हायलुरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवते. तेले आणि चरबीचे पदार्थ खरखरीत जागा मऊ करतात. आणि व्हॅसलीनसारखा पदार्थ वरून झाकण घालतो. हे व्हॅसलीन चेसब्रो नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने तेलविहिरींच्या यंत्रांवर साचणाऱ्या चिकट मेणातून काढले आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. 'सेरामाइड' हे तर डॉक्टरांच्या चुन्यातल्याच एका चरबीचे नाव.

कोरड्या त्वचेला दाट क्रीम हवे, तेलकटीला हलके. नातीला वाटायचे, आपल्याला मुरुमे येतात, मग हे कशाला? पण तेलकट तोंडही साबणाने तडतडते. तिला रंध्रे न बुजवणारे पातळ क्रीम मानवले. खोबरेल मुरुमांच्या तोंडाला नको. ग्लिसरीनमध्ये लिंबू पिळायची आपली जुनी रीत मी सोडली. लिंबू भेगांत झोंबते आणि उन्हात डाग पाडते. सायीलाही मी आता ताकाकडेच पाठवते, कारण ती टिकत नाही आणि तिचा वास राहतो. नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहावे, मग तोंडाला. तोंड कोमट पाण्याने धुऊन, टिपून, ओलसर असतानाच ते लावावे. म्हणजे ते ओल धरून ठेवते. दिवसा बाहेर पडताना वर उन्हापासून जपणारे क्रीम हवेच. दुकानदार हातावर ठेवतो ते गोरे करणारे मलम मात्र घेऊ नये; त्यात स्टेरॉइड असले तर त्वचा पातळ होते. आणि गोरे व्हायचे तरी कशाला? सारवणाने जमीन संगमरवरी होत नाही. ती नीट राहते, एवढेच.

सासूबाई २००३च्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळल्या. हात उचलेना. एका संध्याकाळी त्यांची नजर फळीवरच्या ट्यूबकडे गेली आणि परत आली. मी क्रीम बोटावर घेतले, त्यांच्यासारखेच बोट पुढे धरले, आणि मग माझ्या ध्यानात आले की हे बोट आता घेणार कोण?

एकतीस वर्षे मी दर पाडव्याला, दर दसऱ्याला त्यांच्या पायांना हात लावला होता. तोंडाला त्या दिवशी पहिल्यांदा लावला. कपाळ, जिथे पूर्वी कुंकू असायचे ती जागा, गाल, हनुवटी. त्वचा इतकी मऊ असेल असे वाटले नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पुटपुटल्या, "कोपरे राहिले."

नाकाच्या बाजूचे कोपरे राहिले होते. ते मी सारवले.

आता नरकचतुर्दशीला तेलाची वाटी मी आधी स्वयंपाकघरात फिरवते. जावई थोडा वेळ पाटावर बसून राहतो. त्याची आता तक्रार नाही.